प्रकल्प ६.१ : भांडुपच्या एका किचनच्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

ऑफिसात आमचं सगळं शीटवर चालतं, कुठला ट्रक कुठे अडकला, कोणी कधी फोन केला, पुढचं काम कोणाकडे, तारखेवार लिहायचं, नाहीतर महिनाअखेरीला कोणालाच काही आठवत नाही आणि एकमेकांवर ढकलाढकली सुरू होते. म्हटलं स्वतःच्या पोटाचंही तसंच लिहू.

कारण असं की वार्षिक चेकअपचा रिपोर्ट आला आणि त्यात एचबीएवनसी ६.१. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, एका दिवशी उपाशी राहून फसवता येत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबेटिस, मधला पट्टा प्रीडायबेटिस. गल्लीतल्या डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही दारात लटकताय. उतरायचं तर आत्ता उतरा, पुढे गाडी फास्ट आहे." औषध नाही दिलं. तीन महिन्यांनी परत टेस्ट, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी करून पैसे वाया.

वय ४२, उंची १६८, वजन ७८, कंबर ९७ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत ठेवा म्हणतात. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठा सर्व्हे आला होता, देशात १३.६ कोटी लोक याच मधल्या पट्ट्यात. म्हणजे कंपनी भरपूर आहे, एवढंच समाधान.

शीटमध्ये "काम कोणाकडे" असा कॉलम टाकला आणि स्वतःचं नाव लिहिलं. बायकोने मागून वाचलं. "बरं. मग चिरणार कोण?" असं विचारून गेली. उत्तर नव्हतं.

रविवार, ८ जून

आठवडाभर काहीच बदललं नाही, फक्त जे तोंडात गेलं ते लिहिलं. हे सुचलं ते बरं झालं कारण माझी कल्पना अशी होती की आपल्या घरचं जेवण जड आहे, चपात्या जास्त होतात, भात बंद करायला हवा वगैरे. लिहिल्यावर चित्र वेगळंच. डबा एकदम साधा, तीन चपात्या, भाजी, कधी उसळ. गोंधळ सगळा संध्याकाळी सहा ते रात्री साडेनऊ. मरोळ नाक्याला मेट्रोत चढेपर्यंत पोटात कावळे, घाटकोपरला पुलावरच्या गर्दीत डोकं उठतं, भांडुपला उतरलं की स्टेशनबाहेर तेल तडतडत असतं आणि पाय आपोआप तिकडे. सात दिवसांत पाच वडापाव, एकदा समोसा पाव. मग घरी आल्यावर चहासोबत खारी, मग टीव्हीसमोर फरसाणचा डबा "थोडं" म्हणून, आणि साडेनऊला जेवायला बसल्यावर भूक नाही म्हणून भाजी बाजूला आणि आमटी-भात तेवढा चेपायचा.

म्हणजे दुपारी नीट जेवणारा माणूस आणि संध्याकाळचा हा माणूस एकच आहे यावर विश्वास बसेना.

चहा मोजले. ३१ कप. दोन चमचे साखर म्हणजे आठेक ग्रॅम धरली तर दिवसाला पस्तीस ग्रॅम नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. मी चहातच गार.

मंगळवार, १० जून

वाणसामानाची यादी तपासली. हे सगळ्यात सोपं ऑडिट आहे, कोणीही करावं, काही मोजायला लागत नाही, दुकानदाराचं बिल काढायचं आणि भागाकार करायचा. आम्ही चौघं. महिन्याला तेल ५ लिटर, साखर ४ किलो, मीठ १ किलो.

तेल: ५००० मिली भागिले १२०, माणशी रोज ४२ मिली, म्हणजे ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाच्या ताटात २७ ग्रॅम धरलंय. त्या हिशोबाने आम्हाला साडेतीन लिटर पुरायला हवं. साखर माणशी ३३ ग्रॅम, यात माझा ऑफिसचा चहा नाही. मीठ ८ ग्रॅमच्या वर, हवं ५ च्या आत, आणि यात पापड-लोणचं-फरसाण धरलेलंच नाही.

बायको म्हणाली दिव्याचं तेल वजा कर. आई म्हणाली दिव्याला तिळाचं असतं, ते वेगळं येतं. झालं.

बुधवार, ११ जून

पहिला बदल: पाचचा डबा. ऑफिसला एकाऐवजी दोन डबे. दुसऱ्यात फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे मूठभर, एक केळं किंवा उकडलेलं अंडं. साडेपाचचा अलार्म लावलाय, कारण भूक लागल्यावर उघडला तर उशीर झालेला असतो.

शुक्रवार, १३ जून

तीन दिवस भांडुपला सरळ रिक्षाच्या लायनीत. वास येतो, मजा पण वाटते, पण पाय वळत नाहीत. हे माझं काही कर्तृत्व नाही, पोट भरलेलं आहे इतकंच. आतापर्यंत मी याला मनाचा कमकुवतपणा समजत होतो आणि दर सोमवारी मनाला झापत होतो, आणि मनाचा त्यात काही संबंधच नव्हता.

रविवार, १५ जून

आज आईने वर्ग घेतला. मी कुठल्यातरी व्हिडिओतलं ताट दाखवत होतो, अर्धं भाजी, पाव धान्य, पाव डाळ. आई म्हणाली हे काय नवीन, आणि कागदावर गोल काढला. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भात, खाली पोळी. "डावीकडचं चिमूटभर असतं, पण असतं. तुझ्या ताटाला डावी बाजूच नाही." खरंय. आमच्या डावीकडे फक्त लोणच्याची बरणी उरलीय, तीही ताटात नाही, टेबलावर कायमची मुक्कामी.

का गेली डावी बाजू? विचारलं तर उत्तर सरळ आहे, ती चिरावी लागते. आई करायची तेव्हा ती घरी होती. बायको मुलुंडला बँकेत, सव्वासातला घरात शिरते आणि कुकर लावते, तिच्याकडून वर आणखी काकडी चोचवायची अपेक्षा ठेवणं म्हणजे कठीणच. मी पावणेआठला येऊन सोफ्यावर. तर शीटमध्ये भरलं: कोशिंबीर, रोज रात्री, मी. "चिरणार कोण" चं उत्तर एकदाचं मिळालं.

पोषण संस्थेच्या ताटात भाज्या माणशी ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम आहेत. चौघांना मिळून रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी. आमच्याकडे दोन वेळची मिळून अर्धा किलो येते आणि त्यात बटाटा असतो, जो या हिशोबात धरायचाच नाही. ४०० लगेच होणार नाही. पहिलं टार्गेट घरात रोज एक किलो.

मंगळवार, १७ जून

काकडी, दाण्याचा कूट, दही, वर जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. अकरा मिनिटं. अंगठा थोडा कापला.

गुरुवार, १९ जून

मटकी वाया गेली. सकाळी भिजवली, रात्री उपसून फडक्यात बांधली, दुसऱ्या दिवशी रात्री उघडली तर चिकट आणि वास. आईने लांबूनच सांगितलं, पाणी नीट निथळलं नाहीस आणि पावसाळ्यात मधे एकदा धुवून परत बांधायची असते. हे ती आधी सांगू शकली असती. तिचं म्हणणं, विचारलंस का.

शनिवार, २१ जून

स्टेशनबाहेर आदिवासी मावश्या रानभाज्या घेऊन बसायला लागल्या. शेवळं, टाकळा, फोडशी. यंदा पाऊस २६ मेलाच आला त्यामुळे सगळं लवकर. शेवळं घेतली की मावशी विचारतातच, "काकडं पाहिजे ना?" कारण काकडाच्या फळांशिवाय केली तर घसा असा खाजतो की विचारू नका, हा अनुभव आम्ही लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात घेतलाय. आज सोबत टाकळ्याच्या दोन जुड्या. टाकळा साधा, मेथीच्या वळणाचा, कांदा-लसणीवर परतून वर ओलं खोबरं. लेकीने हुंगून ताट सरकवलं. तेराव्या वर्षी मीही तेच केलं असतं. पण आईने दोनदा घेतली आणि तिच्या माहेरच्या, संगमेश्वरच्या पावसाच्या गोष्टी निघाल्या.

पावसात पालेभाजी कच्ची खात नाही, कितीही धुतली तरी मनात शंका राहते, शिजवूनच. कोशिंबिरीत फक्त सोलता येईल ते, काकडी, गाजर, बीट, मुळा.

सोमवार, २३ जून

चालायचा प्रयोग: एक स्टेशन आधी, साकीनाक्याला उतरून मरोळ नाक्यापर्यंत. कागदावर मस्त. प्रत्यक्षात अंधेरी-कुर्ला रोडवर फुटपाथ म्हणजे कधी दुकान, कधी बाइक, कधी गटाराचं झाकण, त्यात पाऊस, आणि बसने उडवलेलं पाणी पार खिशापर्यंत. ऑफिसात मोजे वाळत घातले. प्रयोग बंद.

बुधवार, २५ जून

चहा. बंद करणार नाही, आधीच सांगतो, मला कोणी त्यावर ज्ञान देऊ नये. पण ऑफिसच्या मशीनचा चहा सोडला. त्याच्या पावडरच्या पाकिटावर घटक वाचले तर पहिलं नाव साखर. नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, म्हणजे त्या पाकिटात सगळ्यात जास्त साखर आणि चहा कुठेतरी शेपटीला. आता खाली अण्णाकडे कटिंग, "शक्कर कम". तो पहिल्या दिवशी हसला, आता न सांगता वेगळा ग्लास ठेवतो. घरी दोनचा एक चमचा. पहिले चार दिवस चहा गढूळ पाणी वाटत होता, मग सवय झाली.

हे कळल्यावर लेक पेटली, तिने रविवारी किचनमधली सगळी पाकिटं काढून वाचली. नाचणीची बिस्किटं, जी मी स्वतः कौतुकाने आणली होती, त्यात पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, नाचणी ९ टक्के. "बाबा, ९ टक्के म्हणजे वासालाच." डाएट चिवड्याचंही तेच. त्या पाकिटांची ती आता यादी करतेय, घरात शिरायला बंदी असलेल्यांची.

रविवार, २९ जून

तेल. बायको पळीने घालायची, अंदाज एकदम पक्का, चव कधी चुकत नाही, पण पळी म्हणजे जवळजवळ तीन मोठे चमचे. तिला सांगायचं कसं हा प्रश्न होता कारण स्वतः फोडणी न देणाऱ्याने तेलावर भाषण देणं शोभत नाही. मग शनिवार-रविवारची भाजी मी करतो असं ठरलं. पहिली बटाट्याची काचरी करपली. आई म्हणाली कढई आधी चांगली तापू दे, मग तेल, मग वर ताटली झाकून तिच्यात पाणी ठेव. त्या पाण्याने ताटली थंड राहते, वाफ खालून तिला लागून परत भाजीत टपकते, भाजी तिच्याच पाण्यात शिजते आणि बुडाला लागत नाही. आज दोन चमच्यांत पाऊण किलो गवार झाली. ताटलीतलं गरम पाणी लागलं तर भाजीतच घालायचं.

बायकोने चाखली. "मीठ कमी आहे." मीठ मुद्दाम कमी होतं. तिला ते सांगितलं नाही, लिंबू पुढे केलं.

रविवार, ६ जुलै, आषाढी

एकादशी, दुप्पट खाशी. यंदा मोजून बघायचं ठरवलं. ग्लुकोमीटर आणलाय, एका पट्टीचे पंचवीसेक रुपये, त्यामुळे उठसूट टोचत नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, मोठी वाटी दोनदा, वर गोड दही, बटाट्याचा पापड. दोन तासांनी रक्तातली साखर १७१. साबुदाणा म्हणजे सेलमकडच्या टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, उपासाच्या नावाने आपण हे पोटभर खातो. रात्री आईच्या सांगण्यावरून राजगिऱ्याची भाकरी, भेंडीची भाजी (आमच्यात उपासाला चालते, सगळ्यांत नाही) आणि दाण्याची आमटी एक वाटी. १३४.

एका माणसावर एकदा केलेला प्रयोग, यात शास्त्र वगैरे नाही. पण आकडा बघितल्यावर पुढच्या एकादशीला खिचडी एकच वाटी हे कोणी न सांगता ठरलं. आई म्हणाली विठोबाला तुळस लागते, खिचडी तुम्हालाच लागते.

शनिवार, १२ जुलै

शतपावली. साकीनाका फसल्यावर चालायचं कुठे हा प्रश्न होताच. पहाटे उठून चालणारे लोक मला आदरणीय आहेत, पण मी रात्री साडेअकराला झोपतो आणि सहाला पाण्याची वेळ. तर जेवण झाल्यावर बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये, चौथ्या मजल्यावर, या टोकापासून त्या टोकाला २२ पावलं, पंधरा मिनिटं. जेवणानंतर स्नायू चालू राहिले की रक्तातली साखर ते वापरतात, म्हणून नंतरचा चढ कमी होतो. गेल्या शनिवारी वरण-भात, कोबीची भाजी खाऊन बसून राहिलो तेव्हा दोन तासांनी १५४ होती, आज तेच ताट आणि लगेच चाललो तर १२९. पट्ट्या संपत आल्यात, आता पुरे.

शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारलं काही हरवलंय का. आता त्या पण येतात. त्यांच्यासोबत बोलत चाललं की पंधराची पंचवीस मिनिटं होतात, कारण विषय सोसायटीच्या लिकेजचा आहे आणि तो संपत नाही. आठवड्याला १५० मिनिटं चालावं म्हणतात, मी लिकेजच्या कृपेने तिथे पोचलो.

बुधवार, १६ जुलै

लेकीचं हिमोग्लोबिन १०.९. तिच्या वयाला १२ हवं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि एक गोष्ट विचारली, सकाळी काय खाते? चहा-चपाती. आमच्या घरात तीन पिढ्यांचा नाश्ता तो. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. गोळीही चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत, व्हिटॅमिन सी असलं की लोह चांगलं शोषलं जातं. आता तिची चपाती अंड्याच्या पोळीसोबत किंवा शेंगदाण्याच्या चटणीसोबत, आणि चहा शाळेतून आल्यावर. ती रागावलीय. चहा तिने माझ्याकडूनच उचललाय, त्यामुळे सकाळचा माझाही पुढे ढकलला, तेवढं तरी.

शनिवार, १९ जुलै

भाकरी. सगळे सांगतात बाजरी खा, नाचणी खा, २०२३ तर भरडधान्यांचं जागतिक वर्षच होतं, पण भाकरी थापणार कोण हे कोणी सांगत नाही. आईच्या बोटांना संधिवात, बायकोला येत नाही, मला तर चपातीही नकाशासारखी येते. दोन रविवार प्रयत्न केला, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. शेवटी नाक्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या ताईंना सांगितलं, सोमवार-बुधवार-शनिवार पाच ज्वारीच्या भाकऱ्या. त्यांचा तवा दिवसभर तापलेला असतो आणि हात चालू. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर मिळायची ती केंद्रं आठवतात, आम्ही शाळेतून येताना खायचो, पुढे त्या टपऱ्यांवर भाकर सोडून सगळं मिळायला लागलं. तर महिन्याला हा खर्च वाढला, पण फरसाणचा आणि वडापावचा कमी झाला, जवळपास फिटंफाट.

गुरुवार, २४ जुलै

गटारी. काही नोंद नाही.

रविवार, २७ जुलै

माशांचा हिशोब मला नेहमी गमतीदार वाटतो. आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली खा म्हणतात, स्वस्त पण असतात आणि त्यात ओमेगा-३ चांगलं असतं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, जे मिळतं ते बर्फातलं आणि महाग, आणि बंदी उठेपर्यंत आमचा श्रावण लागलेला. म्हणजे माशांचा विषय थेट गणपतीनंतर. अंडीही बंद झाल्यामुळे पाचच्या डब्यात आता उकडलेले हरभरे, कांदा-लिंबू मारून. मटकी मात्र यावेळी जमली, अर्धा इंच मोड. हे माझं या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं यश आहे आणि मी त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आईचं बीपी, म्हणून मिठाकडे वळलो. तिचं म्हणणं मी स्वयंपाकात मीठ घालतच नाही फारसं. बरोबर आहे, पण रोज दोन पापड आणि लोणचं. पापडात मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा, दोन्हीतून सोडियम. तिला पापड बंद कर म्हणणं म्हणजे घरात युद्ध. मी फक्त लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून फडताळात ठेवली, दार लावून. मागितलं की काढून द्यायचं. पहिल्या दिवशी तीनदा मागितलं. आठव्या दिवशी कोणी मागितलं नाही, आईनेही नाही. फरसाणचा डबाही तिकडेच गेला, आणि त्याच्या जागी टेबलावर केळी आणि पेरू. पेरू कापून ठेवले तर संपतात, अख्खे ठेवले तर नुसते बघत बसतात. फळं कापायचं कामही शीटमध्ये माझ्याकडे आलं. शीट माझ्याविरुद्ध काम करतेय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

शुक्रवारचा वडापाव चालू आहे हे इथे नोंदवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सुटला. आठवड्यातून एक, गरम, सुकी चटणी जास्त, उभ्याने. गाडीवरच्या दादांनी जूनमध्येच विचारलं होतं, "साहेब, दिसत नाही, बरं नाही का?" म्हटलं बरं आहे, म्हणूनच. त्यांनी सांगितलं त्यांना स्वतःला आठ वर्षं शुगर आहे, ते दुपारी घरून भाकरी आणतात.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाही, शाळांना सुट्टी, ऑफिसने पण येऊ नका सांगितलं. चौघं घरात कोंडलेले. चार वाजता कोणीतरी कांदाभजी म्हणालं, बहुतेक मीच. मी चौदा खाल्ली. लेक मोजत होती. कढईत उरलेलं तेल बायकोने गाळून वेगळ्या वाटीत ठेवलं, डब्यात परत ओतलं नाही आणि तळायलाही परत घेणार नाही, दोन दिवसांत फोडणीला संपवायचं. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की खराब घटक वाढत जातात, म्हणून हॉटेलांनाही त्याची मर्यादा ठरवून दिलीय. चौदा भज्यांची मर्यादा कोणी ठरवून दिलेली नाही.

रात्री कोणालाच भूक नव्हती. मुगाचं कढण आणि काकडी.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती. दीड दिवस शीट बंद. उकडीचे मोदक, वर तूप. किती ते लिहिलेलं नाही, बाप्पालाही विचारलं नाही. डावी बाजू मात्र यावेळी नैवेद्याच्या पानावर पूर्ण होती, चटणी, कोशिंबीर, लिंबू, पंचामृत, आणि कोशिंबीर माझी. आईने पान मांडताना ती बरोबर जागेवर वाढली आणि माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

काल रक्त दिलं, आज रिपोर्ट. ५.८.

वजन ७४.८, कंबर ९२. कंबरेचा आकडा मला जास्त आवडला कारण पट्ट्याला दोन भोकं आत. डॉक्टर म्हणाले चांगलं आहे, पण ५.७ च्या खाली नाही, त्यामुळे पेढे वाटू नका, आणि वाटलेच तर खाऊ नका. अमेरिकेत २००२ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल हे टार्गेट दिलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, त्याचा दाखला त्यांनी दिला. माझे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. सव्वातीन झाले. उरलेल्यासाठी दिवाळीच्या आधीचा वेळ आहे, दिवाळीत काही होणार नाही हे मला आत्ताच माहीत आहे. पुढची टेस्ट डिसेंबरात.

लेकीचं हिमोग्लोबिन ११.७. गोळ्या चालू. तिला टाकळा अजून आवडत नाही.

दुकानदाराचं बिल समोर आहे. तेल ४ लिटर, साडेतीन जमलं नाही, भजी आणि गणपती. साखर अडीच किलो. मिठाची पिशवी महिना संपून आठवडा झाला तरी चालू आहे. भाजी रोज साधारण एक किलो शंभर ग्रॅम, शनिवारी मोजली. एक नवीन ओळ: बायकोने स्वतःहून शीट उघडून बुधवारच्या कोशिंबिरीसमोर माझं नाव खोडून लेकीचं लिहिलंय. लेकीने ते अजून बघितलेलं नाही.